ऊन, वारा आणि विकास आराखडा

बहुतेक शहरांत उष्णतेचा कृती आराखडा आरोग्य विभाग सांभाळतो आणि हवेच्या प्रदूषणाचा आराखडा पर्यावरण विभाग. एप्रिल-मेमध्ये पाणपोया लागतात, ओआरएसची पाकिटे वाटली जातात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रस्त्यांवर पाणी मारले जाते, बांधकामांना नोटिसा जातात. ही कामे आवश्यक आहेत आणि त्यांनी माणसे वाचतात. पण दोन इमारतींमध्ये किती अंतर राहील, पदपथावर सावली असेल की नाही, टेकडीचा उतार मोकळा राहील की नाही, रस्ता बसला मिळेल की मोटारींना, हे या दोन्ही विभागांच्या हातात नसते. ते ठरते विकास आराखड्यात, बांधकाम नियमावलीत आणि रस्त्याच्या नकाशात. शहर किती तापेल आणि शहरातला माणूस कसली हवा आत घेईल, याचा बराचसा निकाल तिथेच लागतो.

उष्मा आणि प्रदूषण यांवर शहररचनेतून काय करता येते, कुठे काय करून पाहिले गेले, त्यातले काय टिकले आणि काय फसले, याचा हा आढावा. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे त्यातून ठळकपणे दिसते. आणि उपायांचा क्रम चुकला तर एका प्रश्नावरचा उपाय दुसऱ्या प्रश्नात भर घालतो, हेही.

एकाच गल्लीतले दोन प्रश्न

शहर आसपासच्या मोकळ्या मुलखापेक्षा गरम असते, हे लंडनच्या ल्यूक हॉवर्ड यांनी १८१८ ते १८२० या काळात प्रसिद्ध केलेल्या हवामाननोंदींतून दाखवले. हा फरक रात्री अधिक जाणवतो, हेही त्यांनी टिपले होते. आज त्याची कारणे नीट ठाऊक आहेत. डांबर, काँक्रीट आणि विटा दिवसभर तापतात आणि साठलेली उष्णता रात्रभर सावकाश सोडत राहतात. माती आणि झाडे पाण्याची वाफ करताना भोवतालची उष्णता शोषून घेतात. जमीन फरसबंदीखाली गेली की ते काम थांबते. उंच इमारतींमधल्या अरुंद गल्लीतून आकाशाची जेमतेम एक पट्टी दिसते, त्यामुळे एका भिंतीने सोडलेली उष्णता वर निघून जाण्याऐवजी समोरच्या भिंतीवर पडते. त्यात वाहने, जनित्रे आणि एसी यांची उष्णता मिसळते. वारा अडलेला असेल तर हे सगळे तिथेच कोंडून राहते.

याच गल्लीतून आता वाहनांची रांग जाऊ द्या. जी रचना उष्णता बाहेर पडू देत नाही, तीच धूरही बाहेर पडू देत नाही. वारा छपरांवरून निघून जातो आणि खाली, माणसाच्या नाकाच्या उंचीवर, हवा त्याच जागी घुटमळत राहते. उन्हाचा आणि धुराचा आणखी एक थेट संबंध आहे. जमिनीलगतचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून निघत नाही. वाहनांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि इंधन, रंग, झाडे यांतून येणारी बाष्पशील सेंद्रिय द्रव्ये यांची उन्हात अभिक्रिया होऊन तो तयार होतो. जितके कडक ऊन, तितका त्याला पोषक काळ.

शरीरावर तर हे दोन्ही भार एकत्रच पडतात. कॅलिफोर्नियातील २०१४ ते २०२० या काळातील मृत्यूंचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या अतिउष्णतेच्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हवेतील अतिसूक्ष्म कण फार वाढलेल्या दिवशी सुमारे ५ टक्क्यांनी. दोन्ही एकाच दिवशी आले तेव्हा ही वाढ सुमारे २१ टक्के होती, म्हणजे दोन्हींच्या बेरजेच्या जवळपास दुप्पट. दोन आराखडे दोन कपाटांत ठेवणे किती महागात पडू शकते, हे या आकड्यांवरून कळते.

वाऱ्याला वाट

शहरातून वारा खेळता ठेवण्याचा विचार आपल्याला नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीतली कोंदट, अंधारी घरे हा सार्वजनिक प्रश्न झाला. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समुद्राकडची हवा शहराच्या गजबजलेल्या पोटात शिरावी म्हणून ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढले. प्लेगच्या प्रसाराबद्दलची तेव्हाची समजूत अपुरी होती. या रस्त्यांसाठी गरिबांची असंख्य घरे पाडली गेली आणि तेवढी नवी घरे ट्रस्टने बांधली नाहीत, हाही त्या इतिहासाचा भाग आहे. पण वाऱ्याची दिशा पाहून रस्ता आखायचा, हे तत्त्व योग्य होते.

त्याच ट्रस्टने विसाव्या शतकाच्या आरंभी ६३.५ अंशांचा नियम आणला. खोलीच्या तळाशी उभे राहून समोर ६३.५ अंशांची तिरपी रेषा काढली, तर ती समोरच्या इमारतीला लागता कामा नये. साध्या हिशेबात, दोन इमारतींमधली मोकळी जागा समोरच्या इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मी हवी. २४ मीटर उंचीची इमारत असेल तर १२ मीटर.

आता मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसन वसाहतींकडे पाहू. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये बहुमजली इमारतींच्या रांगांत सुमारे ३ मीटरचे अंतर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण जवळच्या, तुलनेने मोकळ्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा बरेच जास्त आढळले आणि खालच्या मजल्यांवर ते अधिक होते. खालच्या मजल्यांवरच ऊन आणि वारा सर्वात कमी पोहोचतो. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत जो नियम होता, तो पाळला असता तर या वसाहती अशा उभ्याच राहिल्या नसत्या.

नियम आजही आहेत. पण मुंबईत नियमाप्रमाणे सोडायची मोकळी जागा कमी पडत असेल तर अधिमूल्य भरून त्यात सवलत घेता येते. म्हणजे वारा आणि उजेड यांना किंमत लावली जाते, ती विकासक भरतो, रक्कम सरकार आणि महापालिका यांच्या तिजोरीत जाते आणि अंधाऱ्या खोलीत राहते ते तिसरेच कुटुंब. या एका तरतुदीवर जितकी चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही, असे मला कळकळीने वाटते.

वाऱ्याला नियोजनात सर्वात जुने आणि पक्के स्थान दिले ते जर्मनीतल्या स्टुटगार्टने. तीन बाजूंनी टेकड्यांनी वेढलेल्या, वारा मंद असलेल्या या औद्योगिक शहराने १९३८ मध्येच महापालिकेच्या नोकरीत हवामानतज्ज्ञ घेतला. रात्री टेकड्यांच्या उतारांवर तयार होणारी थंड हवा कोणत्या दऱ्यांतून खाली उतरते, याचे नकाशे तिथे काढले गेले. त्या वाटा मोकळ्या ठेवण्याच्या, उतारांवर बांधकाम रोखण्याच्या आणि इमारती कशा बसवाव्यात याच्या शिफारशी थेट आराखड्यात उतरल्या. हाँगकाँगला हे शहाणपण आजारातून आले. २००३ मध्ये सार्सच्या साथीत दाट वस्तीतल्या हवेच्या कोंडमाऱ्याकडे लक्ष गेले आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाची तपासणी सुरू झाली. समुद्रकिनारी सलग उभ्या राहिलेल्या, मागच्या सगळ्या वस्तीचा वारा अडवणाऱ्या भिंतीसारख्या इमारतींविरुद्ध लोकांनी आवाज उठवला. पुढे २०११ च्या मार्गदर्शक नियमांत मोठ्या भूखंडांवरील इमारतींच्या लांबीतला २० ते ३३ टक्के भाग वाऱ्यासाठी मोकळा ठेवण्याची अट आली.

पुणेकरांना स्टुटगार्टची गोष्ट परकी वाटू नये. पुणेही नद्यांच्या खोऱ्यात, टेकड्यांच्या मध्ये वसलेले आहे. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करू न देण्याचा नियम आणि समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण यांसाठी तिथले नागरिक वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. हा लढा बहुतेक वेळा झाडे, पक्षी आणि फिरायला मोकळी जागा या भाषेत मांडला जातो. त्याला हवामानाची बाजूही तितकीच भक्कम आहे: टेकडीचा मोकळा उतार रात्री खालच्या वस्तीसाठी थंड हवा तयार करतो. मुंबईत सुमारे १०० चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेली आरे वसाहत यांनाही हेच लागू पडते.

सावली कुठे हवी

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो लोक भर दुपारी उघड्या मैदानात बसले होते. उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. जवळच्या केंद्रावर नोंदलेले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते, विदर्भाच्या मानाने काहीच नाही. पण हवामान केंद्रातला तापमापक सावलीत असतो. माणूस उन्हात होता आणि हवा दमट होती. शरीराला लागणारी झळ हवेच्या तापमानापेक्षा थेट उन्हाने आणि तापलेल्या जमिनीने अधिक ठरते. म्हणून रस्त्यावरच्या माणसासाठी सावली हा पहिला उपाय आहे.

ती मिळवण्याचा उत्तम मार्ग झाड. पण कोणते झाड आणि कुठे, यात मोठा फरक पडतो. कडुनिंब आणि करंज ऐन चैत्र-वैशाखात नव्या पालवीने भरलेले असतात. वड, पिंपळ, चिंच, जांभूळ यांना जागा दिली तर ते पिढ्यान्पिढ्या रस्ता झाकतात. शोभेच्या पामची रांग यातले काहीच करत नाही. एखाद्या भूखंडावर मियावाकी पद्धतीने दाट झाडी लावणे चांगलेच. तरी कुंपणाआड वाढलेल्या त्या झाडीची सावली बसस्टॉपवर, शाळेच्या फाटकाबाहेर, भाजीवालीच्या हातगाडीवर पडत नाही. किती झाडे लावली हा आकडा दरवर्षी जाहीर होतो. किती किलोमीटर पदपथ दुपारी २ वाजता सावलीत असतो, हा आकडा मोजायला हवा.

असलेली झाडे जगवणे तर त्याहून तातडीचे. मुंबईत जवळपास सगळे रस्ते सिमेंट काँक्रीटचे करण्याचे काम सुरू आहे. खड्डे कमी होणे ही लोकांची रास्त गरज आहे. पण बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतले, खोदकामात मुळे तुटली, की ते झाड पावसाळ्यात कोसळते आणि नव्या रोपाला त्याच्याइतकी सावली द्यायला वीस वर्षे लागतात. बुंध्याभोवती किमान एक मीटर माती उघडी ठेवण्याची अट प्रत्येक रस्त्याच्या कंत्राटात हवी आणि ती न पाळणाऱ्याचे बिल अडायला हवे.

हवा स्वच्छ करण्याच्या कामी मात्र झाडांवर फार भिस्त ठेवता येत नाही. पानांवर धूळ बसते, पण शहराच्या एकूण सूक्ष्म कणांपैकी झाडे काही टक्केच कमी करू शकतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या, वाहनांनी भरलेल्या अरुंद रस्त्यावर झाडांचे सलग छत झाले तर खालचा धूर वर जाण्याची वाट बंद होते. निलगिरीसारखी काही झाडे ओझोन तयार होण्यास मदत करणारी द्रव्येही भरपूर सोडतात. याचा अर्थ अरुंद रस्त्यांवर झाडे नकोत असा नाही. तिथे आधी वाहने कमी करावीत, मग झाडे लावावीत. रुंद, मोकळ्या रस्त्यावर पदपथ आणि वाहने यांच्यामध्ये दाट झुडपांची रांग असेल तर चालणाऱ्याच्या वाट्याचा धूर खरोखर कमी होतो.

कोलंबियातल्या मेडेयिन शहराने २०१६ पासून रस्ते आणि नाल्यांच्या कडेने ३० हरित मार्ग तयार केले. त्या भागांत तापमान सुमारे २ अंशांनी घटल्याचे शहराने सांगितले. गरीब वस्त्यांतल्या लोकांना बागकामाचे प्रशिक्षण देऊन हेच काम सोपवले गेले, त्यामुळे झाडे लावल्यानंतरची निगाही राहिली. सिंगापूरने झाडांच्या जोडीला बांधीव सावली घेतली: मेट्रो स्थानकांच्या ४०० मीटर परिसरात २०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या छपराच्या पायवाटा तिथे आहेत. आपल्याकडे अनेक शहरांत उन्हाळ्यात सिग्नलवर हिरवी जाळी बांधली जाते. हा तात्पुरता उपाय स्वस्त आहे, लगेच होतो आणि दुचाकीवाल्याला लगेच लागू पडतो. तो बसथांब्यांवर आणि मजूर अड्ड्यांवरही न्यायला हवा.

छप्पर, गच्ची आणि रस्ता

उष्णतेने होणारे मृत्यू रस्त्यावर जितके होतात त्याहून अधिक घरात होतात, विशेषतः म्हाताऱ्या माणसांचे. म्हणून छपराचा विचार सावलीइतकाच महत्त्वाचा. मराठवाडा आणि सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा. दुपारचे ऊन तो थर ओलांडून खाली येईपर्यंत संध्याकाळ व्हायची. विदर्भातल्या मातीच्या घरांचाही गुण तोच. गेल्या दोन पिढ्यांत त्यांच्या जागी पत्रा आला किंवा उघडी सिमेंटची स्लॅब. पत्रा दुपारी भट्टी करतो. स्लॅब दिवसभर उष्णता साठवून झोपण्याच्या वेळी ती खाली सोडते. माती टाकून पत्रा घेणाऱ्यांचा यात दोष नाही. मातीचे छप्पर दर पावसाळ्याआधी नीट करावे लागते आणि त्याला लागणारे हात आता घरात नसतात.

यावर सर्वात स्वस्त उपाय म्हणजे छपराला चुना किंवा परावर्तक पांढरा रंग. नवे डांबर पडलेल्या उन्हापैकी जेमतेम ५ टक्के परत पाठवते. चांगला पांढरा लेप ६० ते ८० टक्के. अशा लेपाने घराच्या आतले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. अहमदाबादने हे ओळखले. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला होता आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. पूर्वसूचना, दवाखान्यांची तयारी, कामाच्या वेळांत बदल यांमुळे वर्षाला हजाराहून अधिक मृत्यू टळले असावेत असा पुढच्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्याच शहरात गरीब वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याची मोहीमही उभी राहिली आणि ‘महिला हाउसिंग ट्रस्ट’सारख्या संस्थेने ती बायकांच्या गटांमार्फत घरोघरी नेली. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण आणले: २०२८ पर्यंत ३०० चौरस किलोमीटर छपरांचे लक्ष्य आणि सरकारी व व्यावसायिक इमारतींना सक्ती. महाराष्ट्रात नागपूरने २०१६ मध्ये शेजारच्या शहरांसह उष्णता आराखडा केला आणि मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ मध्ये आला. छपरांची सक्ती मात्र आपल्या बांधकाम नियमावलीत अजून ठामपणे उतरलेली नाही.

छपराला जे चालते ते रस्त्याला चालेलच असे नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांवर परावर्तक लेप दिला तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग खरोखर थंड राहिला. पण परतलेले ऊन तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर पडले आणि दुपारी त्याच्यावरचा उष्णतेचा भार वाढला. लेप छपरावर द्यावा, रस्त्यावर सावली करावी, असा साधा धडा यातून मिळतो.

एसीबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. आजारी, वृद्ध आणि तान्ह्या मुलांसाठी तो गरजेचा आहे. पण तो खोलीतली उष्णता रस्त्यावर टाकतो. अमेरिकेतल्याच फिनिक्स शहरात एसीमुळे रात्रीचे बाहेरचे तापमान काही भागांत एक अंशाहून अधिक वाढते, असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले. शिवाय आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची. त्याचा भार चंद्रपूरसारख्या शहरावर पडतो: देशातल्या सर्वात तापणाऱ्या शहरांपैकी ते एक, आणि भोवती कोळशाच्या खाणी आणि महाकाय औष्णिक वीज केंद्र. मुंबई-पुण्याच्या थंड खोल्यांचा धूर तिथल्या लोकांनी सोसायचा, हा व्यवहार न्याय्य नाही. आधी सावली, वारा आणि छप्पर, त्यानंतर उरलेल्या गरजेपुरता एसी, असा क्रम धरला तर विजेची ती मागणीच घटते.

धूर उगमापाशी थांबवणे

रचना कितीही चांगली असली तरी ती धुराला वाट देते, धूर नाहीसा करत नाही. याची साक्षही स्टुटगार्टच देते. वाऱ्याच्या वाटा जपणाऱ्या त्या शहरातल्या एका चौकाची हवा वर्षानुवर्षे जर्मनीतल्या सर्वात वाईट हवेत मोजली जात होती आणि २०१९ मध्ये त्याला जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणावी लागली.

म्हणून वाहतूक हा शहररचनेचाच विषय आहे. बार्सिलोनाने काही चौकोनी वस्त्यांचे गट करून आतल्या रस्त्यांवरची येजा करणारी वाहतूक बाहेर काढली आणि ते रस्ते चालणाऱ्यांना, मुलांना, झाडांना दिले. सांत अँतोनी भागात नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे २५ टक्क्यांनी उतरला. दक्षिण कोरियात सेऊलने चोंगेचोन ओढ्यावरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ पर्यंत ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा उघडा केला. तिथे सूक्ष्म धूलिकण घनमीटरला ७४ मायक्रोग्रॅमवरून ४८ वर आले आणि ओढ्याकाठचे तापमान काही गल्ल्या सोडून असलेल्या समांतर रस्त्यापेक्षा ३.३ ते ५.९ अंशांनी कमी भरले. त्या ओढ्यात पाणी पंपाने आणावे लागते, म्हणून तो नैसर्गिक नदी नव्हे, ही टीकाही खरी आहे. तरीही एका बदलाने उष्णता आणि धूर दोन्ही उतरल्याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

उलट बाजूला दिल्लीचा स्मॉग टॉवर. कॅनॉट प्लेसजवळ २०२१ मध्ये कोट्यवधी रुपये खर्चून २४ मीटर उंच टॉवर उभा केला गेला. त्याचा परिणाम जवळपासच्या थोड्या परिसरापुरताच राहिला आणि खर्चाच्या मानाने तो व्यवहार्य नाही, असे दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीनेच पुढे सांगितले. आधी धूर सोडायचा आणि मग उघड्या आकाशाखाली तो गाळायचा, हे पैशाने होणारे काम नाही.

पैसा कुठे जातो, हेही पाहू. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. २०२४ मधील ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’च्या पाहणीनुसार त्यातील ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला, वाहनांवर १३ टक्क्यांच्या आत आणि उद्योगांवर १ टक्क्याहूनही कमी. धूळ हा खरा प्रश्न आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची हवा बिघडली तेव्हा महापालिकेने बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याची फवारणी, राडारोड्याची झाकून वाहतूक अशा अटी घातल्या, त्या योग्यच होत्या. पण फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण मुख्यतः जळण्यातून येतात. त्यांची वार्षिक मर्यादा आपल्याकडे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ सांगते. हे अंतर पाण्याच्या टँकरने कापता येणार नाही. त्यासाठी पुरेशा बस, बससाठी राखीव मार्गिका, सलग पदपथ आणि पार्किंगचे खरे दर लागतील.

क्रम आणि कायदा

या सगळ्यातून एक क्रम हाती लागतो. पहिल्यांदा धूर आणि उष्णता निर्माण होण्याच्या जागी कमी करणे. मग वाऱ्याला वाट. मग सावली आणि उघडी माती. मग छपरे. यंत्रे सर्वात शेवटी. हा क्रम उलटा धरला की टॉवर उभे राहतात, एसी वाढतात आणि प्रश्न आहे तिथेच राहतो. तातडीच्या कामांना अर्थात थांबता येत नाही: पत्र्याच्या घराला या उन्हाळ्यातच चुना लागला पाहिजे, कारण विकास आराखडा बदलेपर्यंत तिथले आजोबा वाट पाहू शकत नाहीत.

जागेप्रमाणे उपायही बदलतील. विदर्भाच्या कोरड्या हवेत वाळ्याची ताटी आणि कूलर उत्तम काम करतात. मुंबईच्या दमट हवेत तेच यंत्र उकाडा वाढवते. तिथे अंगावरून वाहणारा वाराच घाम वाळवतो. म्हणून चंद्रपुरात जाड छप्पर आणि गल्लीची सावली आधी, मुंबईत इमारतींमधली अंतरे आधी. राज्यभर एकच नियमावली लावताना ही तफावत विसरून चालणार नाही.

नियमावलीत काय हवे, हे सांगणे अवघड नाही. मोठ्या प्रकल्पाला परवानगी देण्यापूर्वी वारा आणि सावलीची तपासणी, जशी अग्निसुरक्षेची होते. पुनर्वसनाच्या इमारतींना बाकीच्यांसारखीच मोकळी जागा, अधिमूल्याने न विकता येणारी. नव्या छपरांना परावर्तक लेपाची सक्ती आणि जुन्या पत्र्यांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद. टेकड्या, नाले आणि नद्यांचे काठ हे वाऱ्याचे मार्ग म्हणून आराखड्यात दाखवलेले. आणि उष्णता व हवा यांचा एकच आराखडा, ज्यावर नगररचना विभागाची सही असेल.

यातले काहीही आपोआप होणार नाही, कारण प्रत्येक मोकळ्या चौरस फुटावर कुणाचा तरी हिशेब असतो. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि तो पोकळ नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती आल्या आणि सरकारला तो मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. लोकांनी तेव्हा मैदाने, रस्ते, जुन्या इमारती यांबद्दल विचारले होते. आपल्या शहराचा पुढचा मसुदा येईल तेव्हा त्या यादीत आणखी तीन प्रश्न घालावेत: माझ्या वस्तीत वारा कुठून येतो आणि तो कोण अडवणार आहे? माझ्या वाटेवर दुपारी सावली कुठे आहे? आणि मी आत घेतो त्या हवेतला धूर कुठून येतो? या तीन प्रश्नांची उत्तरे नकाशावर दाखवता येत नसतील, तर तो आराखडा अपुरा आहे, अशी हरकत लेखी नोंदवावी.